ढगमामांची कमान आणि चौदा दिवसांच्या रेघा

"कापसात हवा भरली की कापसाची किंमत कळते, आणि माणसातली हवा गेली की माणसाची."

ढगमामा हे दिवसातून चारदा तरी म्हणायचे. गादी उसवताना म्हणायचे, शिवून झाल्यावर म्हणायचे, चहाचा कप खाली ठेवताना म्हणायचे. कुणी म्हणालंच, "मामा, हे तुम्ही कालही सांगितलंत," तर म्हणायचे, "काल तुला कळलं असतं तर आज कशाला सांगितलं असतं?"

मामा पिंजारी. लोकांच्या दबलेल्या, गोळे झालेल्या गाद्या उसवायच्या, आतला कापूस अंगणात पसरायचा, कमानीनं पिंजून फुलवायचा आणि पुन्हा खोळीत भरून शिवायचा, हे त्यांचं काम. कमान त्यांच्यापेक्षा हातभर उंच होती. तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत आतड्याची तात ताणून बांधलेली, आणि त्या तातीवर मारायला मुठीत मावेल अशी लाकडी मोगरी. कमान छातीशी धरायची, तात कापसात बुडवायची आणि मोगरी मारायची. टणण टणण करत तो आवाज गल्लीच्या या टोकाला निघाला की त्या टोकापर्यंत जायचा आणि भिंतीला शिवून परत यायचा. कापूस उठायचा. तासाभरात मामा दिसेनासे व्हायचे. भुवयांवर कापूस, कानांत कापूस, गळ्याला बांधलेल्या फडक्यावर कापूस, मिशीचा तर पत्ताच नाही. संध्याकाळी घरी निघाले की वाऱ्यानं त्यांच्या अंगावरून एकेक पुंजका सुटायचा आणि रस्त्याच्या कडेकडेनं त्यांच्याबरोबर चालायचा. म्हणून ढगमामा. खरं नाव कागदपत्रांवर होतं, आणि कागदपत्रं गादीखाली.

गादी उसवली की त्यांना घर कळायचं. एका नवराबायकोची गादी उसवून त्यांनी विचारलं होतं, "इकडे खड्डा, तिकडे खड्डा, मधे डोंगर. किती वर्षांचं भांडण?" त्या दोघांनी मिळून मामांना हाकलून दिलं. मिळून केलेलं ते त्यांचं बऱ्याच वर्षांतलं पहिलं काम होतं म्हणे.

मी त्यांच्या शेजारी राहत होतो. मला ते सगळं बघायला मिळालं, म्हणून लिहितो.

सुरुवात झाली ती शाळेतल्या बाईंच्या अंगणात. मामांनी बाईंची गादी पिंजली, मोगरी खाली ठेवली आणि ते कापसाच्या ढिगात आडवे झाले. बाईंना वाटलं, मऊपणा तपासतायत. त्या पायरीवर बसल्या आणि बोलू लागल्या. कंबर दुखते, उजवी कूस अवघडते, मुख्याध्यापक रजा देत नाहीत, भाऊ पत्र पाठवत नाही. सगळं सांगून झालं. तेवढ्यात ढिगातून मामांचं डोकं वर आलं.

"काय म्हणालात, बाई?"

"काही नाही हो," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "इतकं शांतपणे माझं आजवर कुणी ऐकून घेतलं नव्हतं."

मामा बेशुद्ध पडले होते, हे दोघांनाही कळलं नाही. दुसऱ्यांदा पडले ते न्हाव्याच्या गच्चीवर. तेव्हाही कापसातच पडल्यामुळे खरचटलंसुद्धा नाही. तिसऱ्यांदा पडले ते स्वतःच्या दारात, आणि तिथे मामी उभ्या होत्या. मामी म्हणजे त्यांची बायको. त्यांना फसवणं कापसालाही जमलेलं नव्हतं. त्यांनी मामांना गदागदा हलवलं, उभं केलं, शर्ट बदलला आणि शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं. फॉर्म भरायला कुणीतरी लागेल म्हणून मलाही नेलं.

हृदयाचे डॉक्टर तरुण होते. सावकाश बोलायचे, चष्मा पुसत बोलायचे. त्यांनी मामांच्या छातीवर डावीकडे एक पट्टी चिकटवली. काडेपेटीपेक्षा थोडी लांब, मधे टपोरं बटण. सोबत एक डबी दिली, खिशात ठेवायला.

"ही पट्टी तुमचे ठोके मोजेल," डॉक्टर म्हणाले. "डबी ते इथे पाठवेल. आमच्या खोलीत पडद्यावर तुमच्या ठोक्यांची रेघ दिसत राहील. चौदा दिवस. तुम्ही तुमच्या घरी, तुमची रेघ आमच्याकडे."

"आणि रेघ परत कधी मिळणार?" मामांनी विचारलं.

"चौदा दिवसांनी बघून ठरवू. ठोके बेताल निघाले तर छातीत एक यंत्र बसवावं लागेल. आणि मग ही कमान बंद. छातीशी धरून असे दणके मारायचे, ते चालणार नाही."

"बंद म्हणजे?"

"कायमची."

परतीच्या वाटेवर मामांनी मला एवढंच विचारलं, "लेखका, तुझी लेखणी काढून घेतली तर तू सकाळी उठून काय करशील?" मी म्हणालो, उशिरा उठेन. ते हसले नाहीत. त्यांचे वडील पिंजारी, आजोबा पिंजारी. मधे एकदा मामींच्या आग्रहावरून त्यांनी गोदामात राखणदाराची नोकरी केली होती. आठव्या दिवशी मालकाला ते पोत्यांना बोटं लावून "दबलीयेत, दबलीयेत" म्हणताना सापडले, आणि नोकरी सुटली. कमान सोडली तर मामांजवळ फक्त ते वाक्य उरलं असतं, आणि तेही कापसाचंच.

दुसऱ्याच दिवशी सकाळी शिंप्याच्या अंगणात मामांनी कमान धरली. पाच मिनिटं झाली असतील, खिशात फोन वाजला. मामांनी मोगरी ठेवली आणि फोन उचलला.

"हॅलो, काका? मी इस्पितळातून बोलतेय, रेघांच्या खोलीतून. तुम्ही बरे आहात ना?"

"आहे की."

"काका, घाबरू नका हं. तुमच्या हृदयाचे ठोके मिनिटाला दोनशे वीस पडतायत."

"कुठे?"

"तुमच्या छातीत, काका."

"मला काही बोललं नाही ते."

पलीकडे कळा दाबल्याचा आवाज. मग मुलगी म्हणाली, "थांबा. कमी झाले. अठ्ठ्याहत्तर! काका, तुम्ही आत्ता काय केलंत?"

"तुझा फोन उचलला."

"त्याआधी काय करत होतात?"

"काम."

मुलीनं लिहून घेतलं: श्रम केल्यावर जीवघेणी लय, फोन केल्यावर पूर्ववत. तिचं काम तेवढंच होतं. एका खोलीत आठ पडदे, पडद्यांवर चाळीस माणसांच्या रेघा, आणि रेघ बिघडली की फोन करायचा. त्या दिवशी तिनं मामांना पाच वेळा फोन केला, आणि पाचही वेळा मामा लगेच बरे झाले. इस्पितळात तिचं कौतुक झालं. तिच्या आवाजात काहीतरी आहे, असं एक मोठे डॉक्टर म्हणाले, आणि आणखी तीन पेशंट तिच्याकडे दिले.

तिसऱ्या दिवशी मामांनी फोनच उचलला नाही. कापूस ओला होता, हात थांबवला तर गोळे होतील म्हणाले. अर्ध्या तासात गल्लीत रुग्णवाहिका शिरली. दिवा फिरतोय, भोंगा वाजतोय, गाडीवाला स्ट्रेचर ओढत पळतोय.

"कोण गेलं?" त्यानं ओरडून विचारलं.

"कोणी नाही," कापसाच्या ढगातून आवाज आला. "बाजूला व्हा, चाकाला कापूस लागेल."

"दोनशे वीस ठोक्यांचा पेशंट कुठाय?"

"मीच तो. ही खोळ धरा बघू इकडून. भरून झाली की येतो."

गाडीवाल्यानं खोळ धरली. दुसरं काय करणार? पेशंट समोर उभा, आणि कागदावर तो उभा राहूच शकत नाही असं लिहिलेलं. मामांनी खिशात वाजणारा फोन अखेर उचलून त्या मुलीला सांगितलं, "बाळ, मी जिवंत आहे. गाडी परत पाठवू का?"

"काका, पेशंटचं म्हणणं धरत नाहीत."

"मी जिवंत आहे हे मी सांगायचं नाही?"

"तुम्हाला कसं कळणार? अशा लयीत मेंदूला रक्तच जात नाही. सोबत कोण आहे?"

मामी आल्या. त्यांनी फोन घेतला. "आहेत जिवंत. उलट बोलतायत म्हणजे आहेतच." मग एका कागदावर सही करावी लागली: 'रुग्ण जिवंत असल्याचे मी समक्ष पाहिले.' मामींनी सही केली आणि मला म्हणाल्या, "लग्नानंतर यांच्याबद्दल पहिल्यांदाच काहीतरी लिहून दिलं."

पुढच्या चार दिवसांत गाडी चार वेळा आली. दुसऱ्या वेळी भोंगा नव्हता. तिसऱ्या वेळी गाडीवाल्याच्या काखेत दोन चपट्या उशा होत्या. "आता येतोच आहे रोज, तर म्हटलं," तो लाजत म्हणाला. चौथ्या वेळी स्ट्रेचरवर त्याच्या आईची गादी होती. दोन शेजाऱ्यांनी ती उतरवताना बघितली आणि कोण वारलं म्हणून चौकशीला आले. मामांनी त्यांना बसवलं, गादी उसवली आणि पिंजायला घेतली. फोन वाजला. गाडीवाल्यानंच उचलला आणि म्हणाला, "हो, पोचलोय. हो, गंभीर आहे. आतून पार दबलीये."

हसलो आम्ही सगळे. पण मामा हसताना छातीवरच्या पट्टीला हात लावत होते, ते मी पाहिलं.

आठव्या दिवशी पत्र आलं. इस्पितळाचं, शिक्क्याचं. मीच वाचून दाखवलं. आपल्या हृदयाची लय काम करताना अशी आढळली आहे की त्या लयीत मनुष्य शुद्धीवर असू शकत नाही. सबब काम तात्काळ थांबवावे. पंधराव्या दिवशी यंत्र बसवण्यासाठी दाखल व्हावे.

"पण मी शुद्धीवर असतो," मामा म्हणाले.

"हे लेखी आहे," मामी म्हणाल्या. "तुमचं तोंडी."

"अगं, तूच सही केलीस ना, जिवंत आहे म्हणून?"

"तेव्हा दिसत होतात. हे आतलं आहे, ते मला कुठे दिसतंय?" मामी म्हणाल्या. दारातून त्यांनीच उचलून उभं केलेलं माणूस होतं ते. त्यांनी कमान उचलली, आमच्या घरात आणली आणि माझ्या कपाटामागे उभी केली. ती कपाटापेक्षा उंच होती, वरून तिचं टोक दिसत राहिलं.

मग पाच दिवस गल्ली मुकी झाली. मामा खिडकीत बसायचे. तिकडे पडद्यावर त्यांची रेघ सुरेख चालली होती, एका मापाच्या टाक्यांसारखी. मुलगी रोज फोन करायची. "काका, आज फार छान रेघ आहे. अशीच ठेवा." डॉक्टर खूश झाले. कमान थांबली, ठोके सुधारले. आणखी काय पुरावा पाहिजे? शिंप्याची दुसरी गादी अर्धीच राहिली, तो फरशीवर झोपला. मामांनी जेवण कमी केलं, बोलणं कमी केलं, आणि ते चारदा म्हणायचं वाक्य एकदाही म्हटलं नाही. मामींनीच एकदा त्यांना ते म्हणून दाखवलं, तर म्हणाले, "असू दे."

तेराव्या दिवशी दुपारी ते माझ्याकडे आले आणि कपाटासमोर उभे राहिले. बराच वेळ कमानीच्या टोकाकडे बघत राहिले. मग त्यांनी फोन काढला. त्या मुलीला त्यांनी आपणहून फोन करण्याची ही पहिलीच वेळ.

"बाळ, ती माझी वाईट रेघ आहे का अजून तुझ्याकडे? पहिल्या दिवसांची?"

"आहे, काका. सगळं जपून ठेवतात."

"काढ. आणि मला तोंडानं म्हणून दाखव."

"रेघ म्हणून दाखवू?"

"ठोका पडला की टण म्हण."

पलीकडे ती पोरगी एकटीच होती की चारचौघांत, देव जाणे. पण तिनं सुरू केलं. "टण टण टण... टण. टण टण टण... टण." मामांनी डोळे मिटले. त्यांचा उजवा हात आपोआप हवेत उठला आणि तिच्या आवाजाबरोबर पडू लागला. तीन जलद, मग थांबून एक जोरात, आणि पुन्हा तीन. चौथा मारण्याआधी तात कापसातून वर काढावी लागते, म्हणून तो उशिरा पडतो. गल्लीतलं लहान पोरसुद्धा डोळे मिटून सांगेल की हे मामा आहेत.

"बाळ," ते हळूच म्हणाले, "हे हृदय नाही. हा माझा हात आहे."

पलीकडे टण टण थांबलं. मग कागद चाळल्याचा आवाज. "काका... खरंच. चौथा नेहमी उशिरा. सहाही दिवस. हृदय असं मोजून नाही चुकत." तिचा श्वास ऐकू येत होता. "पट्टी हलतेय. कमान छातीशी हलते, पट्टी हलते, आणि आम्ही तिला ठोके समजलो!"

"मग सांग डॉक्टरांना."

"सांगते. पण माझं कोण धरणार? माझं काम फोन करण्याचं आहे, काका. रेघ वाचायचं काम त्यांचं." मग ती म्हणाली, "तुम्ही परवा कमान घेऊनच या ना."

मामी नको म्हणाल्या. मग म्हणाल्या, तिथे पडले तर डॉक्टर तरी जवळ असतील. मग स्वतःच कपाटामागून कमान काढली आणि तिच्यावरची धूळ पदरानं पुसली.

पंधराव्या दिवशी सकाळी आम्ही इस्पितळाच्या दारात. राखणदारानं कमान अडवली.

"हे काय हत्यार आहे?"

"पिंजायची कमान," मामा म्हणाले.

"म्हणजे वाद्य?"

"वाजतं. पण ऐकायला कापूस लागतो."

राखणदारानं वहीत 'रुग्णाची काठी, मोठी' असं लिहिलं आणि सोडलं.

डॉक्टरांच्या खोलीत टेबल, त्यावर रेघांचा एक पडदा, तपासायचं बाक आणि डॉक्टरांची खुर्ची. मामांचं लक्ष खुर्चीवरच्या उशीकडे गेलं. फळीसारखी चपटी झाली होती. "रोज किती तास बसता हिच्यावर?" त्यांनी विचारलं.

"काका, यंत्राबद्दल बोलू या," डॉक्टर म्हणाले.

दारात एक मुलगी उभी होती, पांढऱ्या कोटातली, लहानखुरी, छातीशी वही धरलेली. "सर, मीच काकांना कमान आणायला सांगितलं," ती म्हणाली. आवाज ऐकताच मामांनी मान वळवली आणि म्हणाले, "अरे, हीच का!"

मुलीनं तीन जलद आणि एक उशिराचा हिशेब डॉक्टरांना दाखवला. डॉक्टर चष्मा पुसत राहिले. म्हणाले, "शक्य आहे. पण शक्यतेवर मी कुणाला घरी पाठवू? चुकलो तर हे परत येणार नाहीत."

"मग तुम्ही वाजवा," मामा म्हणाले.

"मी?"

"तुमचं हृदय चांगलं आहे ना? लावा एक पट्टी. धरा कमान."

डॉक्टरांनी मामांकडे पाहिलं, मामींकडे पाहिलं. मामी म्हणाल्या, "लावा हो, दुखत नाही. यांनी चौदा दिवस लावलीच की." आणि त्या तरुण माणसानं कोट काढला आणि पट्टी लावून घेतली. तोवर मामांनी दाभणानं खुर्चीची उशी उसवून कापूस फरशीवर पसरला होता. दार लावलं. मुलगी तिच्या पडद्यांच्या खोलीत पळाली. डॉक्टरांनी कमान छातीशी धरली. पहिला दणका नाकावर बसला. दुसरा हवेत गेला. तिसऱ्याला तात बोलली.

"मनगट सैल," मामा म्हणाले. "ऑपरेशन नाही हे."

हळूहळू जमलं. टणण टणण. कापूस उठला. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला वाटलं, हा माणूस पुन्हा औषध लिहितो की नाही. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. डॉक्टरांचे हात गुंतलेले, म्हणून तो मीच उचलला आणि त्यांच्या कानाला धरला. मुलीचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला.

"सर, तुमचे ठोके दोनशे चाळीस पडतायत. जीवघेणी लय."

"मी ठीक आहे," डॉक्टर धापा टाकत म्हणाले.

"सर, पेशंटचं म्हणणं धरत नाहीत. सोबत कोण आहे?"

मामींनी माझ्या हातातून फोन घेतला. "आहेत जिवंत," त्या म्हणाल्या. "वाजवतायत बरं."

डॉक्टर फरशीवर बसले. त्यांच्या केसांत कापूस, चष्म्यावर कापूस. खूप वेळ हसले, आणि मग चष्मा पुसून त्यांनी मामांकडे पाहिलं.

"मग तुम्ही पडता कशानं?"

मामींनी पदर आवळून धरला. मुलगी परत आली होती, ती म्हणाली, "सर, एक आहे. बऱ्याच वादळांनंतर एक कोरी जागा आहे. तीन सेकंद, चार सेकंद, रेघ सपाट. वादळानंतर हृदय दमलं असेल म्हणून आपण सोडून दिलं. आणि तेव्हा सगळे गाडी पाठवायच्या फोनवर असायचे. पण वादळच नव्हतं, तर मग ती जागा कशाची?"

"तेव्हा काय होतं तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं.

मामांनी खाली बघितलं. "डोळ्यांपुढे अंधारी येते. रोज. बोललो नाही. कमान जाईल म्हणून."

"अहो!" मामी एवढंच म्हणाल्या. त्या एका शब्दाखाली शिंप्याची अख्खी गादी दबली असती.

"कमान थांबली की काय करता? आत्ता करून दाखवा. जसंच्या तसं."

मामांनी कमान घेतली, चार दणके मारले, मोगरी खाली ठेवली. उडालेला कापूस तेव्हा खाली बसायला लागतो आणि नाकातोंडात जातो, म्हणून गळ्याभोवती बांधलेल्या फडक्याची गाठ त्यांनी दोन्ही हातांनी करकचून आवळली. वडिलांनी शिकवलेली गाठ, जबड्याखाली बाजूला येते. मग पाठीमागे किती कापूस साचलाय ते बघायला मान पूर्ण वळवली. मामांच्या छातीवरची पट्टी अजून तशीच होती; टेबलावरच्या पडद्यावर तिची रेघ सपाट झाली. एक. दोन. तीन. चार. मामा अलगद कापसात बसले आणि आडवे झाले.

डॉक्टर झेपावले ते थेट गाठीवर. फडकं सैल केलं, पाय उचलून धरले. रेघ टुणकन उठली आणि चालू लागली. मामांनी डोळे उघडले.

"काय म्हणालात?"

डॉक्टरांनी त्यांच्या मानेवर, जबड्याच्या खाली, एक बोट टेकवलं. "इथे एक नस आहे, काका. काहींची फार हळवी असते. दाबली की ती हृदयाला म्हणते, थांब. हृदय बिचारं ऐकतं. तुम्ही दिवसातून दहा वेळा तिला आवळताय." ते उठले आणि त्यांनी यंत्राचा कागद मिटून खणात टाकला. "कमान चालेल. हे फडकं चालणार नाही. कानांना अडकवायची पट्टी वापरा. महिनाभर आणखी रेघ बघू. तरीही पडलात तर मग छोटं यंत्र, ठोका चुकला की ढकलणारं. तेव्हासुद्धा कमानीचं बघू."

"बापाची गाठ आहे ती," मामा म्हणाले.

मामींनी टेबलावरची कात्री उचलली, फडकं ओढून घेतलं आणि त्याचे दोन तुकडे केले. मग चार. मामा बघत राहिले. बापाबद्दल मामींशी वाद घालण्यात अर्थ नाही, हे त्यांना तीस वर्षांपासून माहीत होतं. त्यांनी ते चार तुकडे गोळा केले, घडी केली आणि खिशात ठेवले.

उशी मात्र त्यांनी पुरी केली. फरशीवरचा कापूस वेचला, खोळीत भरला, दाभणानं शिवला, आणि खुर्चीवर ठेवून तिच्यावर दोन चापट्या मारल्या. डॉक्टर बसले तर इतके वर गेले की टेबल खाली राहिलं. "दोन दिवसांत बसेल," मामा म्हणाले. "तोवर लांबूनच लिहा."

मी औषधांच्या खिडकीपाशी रांगेत थांबलो. मामा-मामी पुढे निघाले. इस्पितळाच्या आवारातून एक लांब सरळ वाट फाटकाकडे जाते, दोन्ही बाजूंना गाड्या. मामांनी कमान खांद्यावर घेतली होती, मामी दोन पावलं मागून, दाभणाची पिशवी घेऊन, काहीतरी बोलत होत्या. बहुतेक अंधारीबद्दल. मामा मान न वळवता ऐकत होते. राखणदारानं वही उघडून 'काठी परत' लिहिलं. रुग्णवाहिकेच्या टपावर पाणी मारत असलेल्या गाडीवाल्यानं हात वर केला. आईला पिंजलेली गादी आवडली की नाही, ते त्याला ओरडून सांगायचं होतं, पण नळ सुरू होता.

तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत ती मुलगी उभी होती. नंतर तिनं मला सांगितलं की भेटण्याआधी तिला मामा चांगले उंच वाटले होते. रेघ पडदाभर यायची ना. फाटकाबाहेर पडून मामा डावीकडे वळले. आधी ते दिसेनासे झाले, मग मामी, आणि भिंतीच्या वरून कमानीचं टोक तेवढं थोडा वेळ सरकत गेलं. तिच्या मागे फोन वाजत होता. तिनं तो तीनदा वाजू दिला आणि चौथ्याला उचलला.